आधी खताचा ढीग, मग बियांचे पाकीट

परसबागेची मोहीम बहुधा बियांच्या पाकिटाने सुरू होते आणि पुष्कळ वेळा तिचा शेवटही त्याच पाकिटाबरोबर होतो. ज्येष्ठात पाकिटे वाटली जातात, कोणास किती दिली ह्याची यादी होते, आणि यादी वरच्या कचेरीत पोहोचली म्हणजे काम झाले असे समजण्यात येते. भाद्रपदात त्या यादीतील किती घरांच्या मांडवावर पडवळ लोंबत होते हे पाहावयास सहसा कोणी परत जात नाही. परत गेलेच तर जे दिसते ते उत्साह वाढविणारे नसते. भेंडी वीतभर वाढून पिवळी पडलेली, मिरचीची रोपे मुळाशी कुजलेली, आणि घरच्या बाईने काढलेला एक निष्कर्ष: ‘आमच्या मातीत काही येत नाही.’ हा निष्कर्ष एकदा घरात रुजला म्हणजे पुढच्या वर्षीचे पाकीट फडताळातच राहते. सेंद्रिय परसबागेच्या प्रसाराचे खरे नुकसान किडीने किंवा रोगाने होत नाही इतके ह्या एका वाक्याने होते.

पेण तालुक्यातील डोलवी आणि तिच्या आसपासची गावे ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत. एका अंगास अंबा नदी व धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगास मुंबई-गोवा महामार्ग, आणि मध्ये पोलादाचा प्रचंड कारखाना, अशी डोलवीची आजची स्थिती आहे. येथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ आता भातापेक्षा पगारावर चालतो. गुरे कमी झाली, गोठे मोडले, भाजी पेणच्या किंवा वडखळच्या बाजारातून येऊ लागली. परंतु घरामागचे परडे अजून पुष्कळांचे शाबूत आहे. कोणाचे अर्धा गुंठा, कोणाचे दोन गुंठे. त्यात एखादा नारळ, केळीचे एक बेट, अळूचे खाचर आणि बाकी मोकळी जागा. ह्या मोकळ्या जागेवर भाजी करावी असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती जागा खाडीच्या शेजारची आहे हे विसरून म्हटले तर ते म्हणणे पोकळ ठरते.

खारेपाटातील माणसास मीठ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बांधाला खांड पडली आणि भरतीचे पाणी आत शिरले म्हणजे तीन-तीन वर्षे शेत हातचे जाते, हे त्याने पाहिलेले असते. खारभूमीच्या संरक्षणासाठी १९४८ साली मुंबई राज्यात कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास अधिनियम आला. पण बांध, उघाडी आणि पावसाचे पाणी ह्यांच्या साहाय्याने मीठ हटविण्याची विद्या कायद्यांहून फार जुनी आहे. पहिल्या पावसाचे पाणी शेतात कोंडावयाचे, ते मीठ घेऊन ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावयाचे, पुन्हा गोडे पाणी घ्यावयाचे, आणि मगच रहू टाकावयाचा, हे येथील शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. आश्चर्य असे की जो मनुष्य शेतात इतका सावध असतो, तोच परसात मृगाची पहिली सर पडताच खाऱ्या मातीत थेट बी टोचतो. विस्तार-कार्यकर्त्याने त्याला नवीन काही सांगण्यापेक्षा एवढेच सुचवावे की शेतातली रीत परसात आणा.

ती कशी आणावयाची? घराचे छप्पर हे ह्या कामी मोठे साधन आहे. पन्नास चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात, सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर, दीड लाख लिटर गोडे पाणी पडते. हे पाणी पन्हळीने नेऊन गटारात घालण्याऐवजी पहिल्या पावसाळ्यात वाफ्यांसाठी राखलेल्या जागेवरून फिरू द्यावे आणि खालच्या बाजूस त्याला निघून जाण्यासाठी चर ठेवावा. चर नसेल तर पाणी साचेल आणि मीठ तेथेच राहील. उघाडीविना खाचर जसे निरुपयोगी, तसेच हे. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खारी जमीन आणि चोपण जमीन ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. खाऱ्या जमिनीतील मीठ सुटे असते, ते गोड्या पाण्याने धुतले जाते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, तो सोडविण्यास जिप्सम लागते. कोणीतरी सांगितले म्हणून जिप्समचे पोते आणून टाकणे म्हणजे रोग न तपासता औषध घेणे होय. मातीचा नमुना तपासून घ्यावा, आणि तो फाल्गुन-चैत्रात घ्यावा. श्रावणात घेतलेला नमुना खोटे समाधान देतो, कारण त्या वेळी मीठ पावसाने खाली दाबलेले असते. तपासणीच्या कागदावर विद्युतवाहकता प्रति मीटर ४ डेसीसायमनच्या वर दिसली, तर जमीन खारवट समजावी.

पाऊस थांबला की मीठ पुन्हा वर येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे जमिनीतील ओलीबरोबर ते चढते, ओल उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर राहते. कार्तिकात बरा दिसणारा वाफा माघात करपतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून ह्या परसात भाजी जमिनीत लावावयाची नसून जमिनीच्या वर लावावयाची असते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि हातभर उंच असा गादीवाफा करावा. त्याच्या तळाशी वीतभर जाडीचा नारळाच्या सोडणांचा आणि जाड काटक्यांचा थर द्यावा. ह्या थरात पोकळी असते, त्यामुळे खालची खारी ओल वर चढण्याची वाट तुटते. सोडणे घरची, कोरडी असावीत. काथ्यासाठी खाडीच्या पाण्यात कुजविलेली घेतली तर मीठ टाळण्यासाठी मीठच पसरल्यासारखे होईल. त्या थरावर दोन भाग गोडी माती आणि एक भाग कुजलेले खत. वर पेंढ्याचे आच्छादन. एवढे झाले म्हणजे वाफा तयार झाला.

गोडी माती डोंगराच्या बाजूची थोडी आणता येते. अडचण खताची असते. तीन चौरस मीटरच्या एका वाफ्यास सुमारे दीड क्विंटल खत लागते, दोन वाफ्यांस तीन क्विंटल. हे खत विकत आणून सुरुवात करणारा मनुष्य पहिल्याच वर्षी थकतो. बियांचे पाकीट हातात आल्यावर खताची आठवण होणे म्हणजे लग्नाच्या दिवशी तांदूळ कांडावयास बसणे आहे. कोणत्या घरी खताचा ढीग आहे, हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. ज्या घरी ढीग नाही तेथे बी देऊ नये, अशी कडक भूमिका घेतली तरी ती चुकीची होणार नाही. वाटलेल्या पाकिटांची संख्या कमी दिसेल, हे खरे. पण उगवलेल्या बागांची वाढेल.

ह्या विषयात मराठी माणसांनी केलेले काम थोडे नाही, आणि ते येथे आठवावयास हवे. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिच्यावरील १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीला यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. जगभर सेंद्रिय शेतीचे मूळ म्हणून हॉवर्ड ह्यांचे नाव घेतले जाते. वाडांचे नाव मात्र त्यांच्याच भाषेच्या प्रदेशात फारसे कोणास ठाऊक नाही. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी जाळीदार विटांच्या टाकीची ‘नाडेप’ पद्धत दिली. तिचे महत्त्व असे की दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच टाकीस अवघे शंभर किलोच्या आसपास शेण पुरते; बाकी सुमारे चौदाशे किलो पालापाचोळा आणि सतराशे किलोंच्या वर चाळलेली माती. ज्यांच्या दारी आता गुरे नाहीत त्यांच्यासाठी हा हिशेब मोठा दिलासा देणारा आहे. तेच प्रमाण दहाव्या हिश्श्याने घेतले तर दहा किलो शेण लागते, आणि एवढे शेण एक गाय किंवा म्हैस एका दिवसात देते. शेजारच्या गोठ्यातून एका दिवसाचे शेण मागून आणणे काही कठीण नाही. मात्र नाडेपमध्ये घालावयाची माती खारातली नसावी. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून आणखी एक गोष्ट शिकविली: प्रयोग स्वतःच्या दारात करावा, मोजावा आणि शेजाऱ्यास सांगावा.

डोलवीस नाडेपची पक्की टाकी बांधलीच पाहिजे असे नाही. आणि खड्डा तर पावसाळ्यात करूच नये. हातभर खणले की पाणी लागते अशा जागी खड्ड्यात खत होत नाही, चिखल होतो आणि त्यास दुर्गंधी सुटते. इंदूरलाही, जेथे पाऊस येथल्यापेक्षा पुष्कळ कमी, पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग रचण्याचीच रीत होती. येथे तर काटक्यांची बैठक करून तिच्यावर दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच ढीग रचावा. गेल्या वर्षीचा सडका पेंढा, केळीचे सोपट, गिरिपुष्पाचा पाला, स्वयंपाकघरातील साली, आणि टाकळा. टाकळा कोवळा असेपर्यंत भाजीस चालतो, निबर झाला की ढिगास. फक्त त्याला शेंगा धरण्याच्या आत तो कापावा, नाहीतर पुढच्या वर्षी वाफ्यात टाकळ्याचेच पीक येईल. दर वीतभर थरावर शेणकाला शिंपडावा आणि मूठ-दोन मुठी जुने खत विरजणासारखे टाकावे. वर झावळ्यांचे छप्पर पाहिजेच, कारण येथला आषाढ उघड्या ढिगातील सारा कस दोन दिवसांत धुऊन नेतो.

आगरी-कोळी घरांत मासळीचा कचरा रोजचा असतो. ताज्या मासळीची खवले, कल्ले व आतडी ढिगाच्या पोटात, वरून भरपूर पेंढा घालून पुरली तर उत्तम खत होते आणि कुत्री-मांजरे उकरीत नाहीत. खारवलेल्या सुक्या मासळीचे मात्र काहीही ढिगात जाऊ देऊ नये. चुलीच्या राखेविषयीही असेच तारतम्य हवे: डोंगराळ आम्लधर्मी जमिनीस राख गुणकारी, खारवट परसात ती चिमूटभरच बरी.

ढिगाचे वेळापत्रक लक्षात ठेवण्यास कागदाची गरज नाही. इंदूर पद्धतीत ढीग तीन वेळा उलथावयाचा असतो: साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पाच आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस खत तयार. आता आषाढी एकादशीस ढीग रचला असे समजा. दिव्यांची अमावास्या एकोणीस दिवसांवर येते, तेव्हा पहिली उलथणी. नारळी पौर्णिमा बरोबर पाच आठवड्यांच्या सुमारास, तेव्हा दुसरी. अनंत चतुर्दशीस नऊ आठवडे होतात, तेव्हा तिसरी. कोजागिरीस तीन महिने पुरे. अधिक मास आडवा आला नाही तर हे गणित चुकत नाही. गावच्या बाईस ‘पस्तिसाव्या दिवशी’ असे सांगितलेले आठवणार नाही. ‘नारळी पौर्णिमेच्या आधी’ असे सांगितलेले ती विसरणार नाही. उलथण्याचे काम मात्र तिच्यावर टाकू नये. ते अंगमेहनतीचे काम आहे, वर्षातून तीनदा अर्धा-अर्धा तास लागतो, आणि पाळीवरून आलेल्या पुरुषास ते सहज जमते.

हा मुद्दा जरा स्पष्ट बोलण्याजोगा आहे. परसबागेच्या प्रचारात ‘गृहिणीने फावल्या वेळात’ हे शब्द फार येतात. ज्या गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे भरण्यात बाईचे तास जातात, तेथे तिला फावला वेळ आहे असे म्हणणे धाडसाचे आहे. बाग ही तिच्या डोक्यावरचा आणखी एक हंडा होऊ नये. म्हणून बागेचे माप जमिनीवरून न ठरविता पाण्यावरून ठरवावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीस दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी लागते. सहा चौरस मीटरचे दोन वाफे म्हणजे रोज वीस-बावीस लिटर, अर्थात लहानसे दोन हंडे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी जमा केले तर त्यातले बरेचसे घरातच निघते. चैत्रात हीच गरज दीडपटीहून अधिक होते आणि नेमकी तेव्हाच विहीर मचूळ होते. त्या वेळी खारे पाणी घालून भाजी जगविण्याचा हट्ट धरू नये. थोडे-थोडे खारे पाणी रोज शिंपडणे म्हणजे वाफ्यात मीठ साठविणे. एक वाफा पेंढ्याखाली झाकून विश्रांतीस सोडावा, दुसऱ्यावर काय जगते ते पाहावे. चैत्रात विसावलेल्या बागेस अहवालात ‘बंद पडलेली’ असे लिहिले जाते. वास्तविक ती झोपलेली असते, आणि येथल्या हवामानात तेच शहाणपणाचे आहे. भांड्यांचे व कपड्यांचे साबणाचे पाणी वाफ्यास देऊ नये, त्यात सोडियम असतो. ते देणेच भाग असेल तर बागेपासून दूरच्या नारळाच्या आळ्यात सोडावे, आणि पावसाळ्यात ते आळे नीट धुतले जाईल असे पाहावे.

‘बाजार जवळ आहे, पगार येतो, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न डोलवीत विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याला ‘पैसे वाचतील’ असे उत्तर देणे योग्य नव्हे, कारण सुरुवातीस ते फारसे वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी निदान ४०० ग्रॅम फळे व भाजीपाला खावा. पाच माणसांच्या घरास हे प्रमाण दोन किलोंवर जाते. तीन चौरस मीटरच्या वाफ्यातून लाल माठाचे एक पीक महिन्याभरात तीन-चार किलो निघाले तर ते चांगले म्हणावे. तेव्हा दोन वाफ्यांत कुटुंबाची सारी भाजी होईल असे सांगणारा कार्यकर्ता अतिशयोक्ती करतो, आणि अतिशयोक्ती एका हंगामात उघडी पडते. खरे आहे ते इतकेच, की बाजाराच्या खेपा आठवड्यातून एक-दोनदा होतात, पालेभाजी एका दिवसात मरगळते, आणि म्हणून पगाराच्या घरातही ताटात बटाटा असतो व पाला नसतो. दोन वाफे, दारचा एक मांडव, उंचवट्यावरचा एक शेवगा, एक पपई आणि सांडपाण्यावरचे अळू एवढ्यांनी ती उणीव बरीच भरते. लहान मूल किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर हे भरून निघणे अधिकच मोलाचे आहे.

पीक निवडताना जमिनीची मर्जी पाहावी. पालक, बीट ह्यांना थोडे मीठ सोसते. श्रावणघेवडा मुळीच सोसत नाही. त्याचे बी येथे सुरुवातीस देऊच नये. मुळा, मिरची, कांदा मधल्या प्रतीचे नाजूक. अलिबागचा पांढरा कांदा आणि वाल भातानंतरच्या ओलीवर होतात म्हणून खाडीकाठच्या परसातही होतील असे धरून चालू नये. त्यांच्या जमिनी निराळ्या. ढीग कुजत असतो त्या पावसाळ्यात बाग अगदी मोकळी ठेवण्याचे कारण नाही. जोत्यालगत मातीचे उंचवटे करून, पंधरा दिवस पाऊस झाल्यावर, वेलभाज्या लावाव्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे, जे १९७२ साली स्थापन झाले, ‘कोकण तारा’ कारले, ‘कोकण श्वेता’ पडवळ, ‘कोकण हरिता’ दोडका हे वाण ह्या पावसाच्या प्रदेशासाठीच निवडलेले आहेत, आणि कोजागिरीनंतरच्या वाफ्यासाठी ‘कोकण दुरंगी’ माठ. हे सुधारित वाण आहेत, संकरित नव्हेत. त्यांचे बी घरी धरता येते. पहिले एक-दोन चांगले पडवळ दोरा बांधून वेलावरच पिकू द्यावे. माती व पाणी ह्यांविषयी शंका असेल तर पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र जवळ आहे.

‘सेंद्रिय’ ह्या शब्दाभोवती अलीकडे काढे आणि अर्क ह्यांची मोठी गर्दी झाली आहे. नवशिक्यास वाटते की दशपर्णी उकळली नाही तर बाग सेंद्रिय होणार नाही. जीवामृत करावयाचे तर एकरी २०० लिटरच्या मानाने एका गुंठ्यास पाच लिटर पुरते, त्यास पाव किलो शेण लागते. एवढ्यासाठी पिंप विकत घेण्याचे कारण नाही. आणि जीवामृत हे खताची जागा घेत नाही. गोमूत्रातही क्षार असतात, खारवट परसात ते पाणी न घालता ओतणे अविचाराचे. शेणही कच्चे असताना पालेभाजीवर घालू नये, त्यातील जंतू भाजीबरोबर ताटात येतात. तंबाखूचा काढा ‘नैसर्गिक’ म्हणून कोणी सुचवितो. तो विष आहे, लहान मुलांच्या घरी तो करूच नये.

किडींविषयी थोडक्यात सांगता येते. मावा-तुडतुड्यांस लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून फवारावी. वेलभाज्यांची खरी शत्रू फळमाशी. किडलेले फळ उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे, कोवळ्या फळांस कागदाची पिशवी बांधावी. सापळा लावावयाचा तर क्यू-ल्यूरचा; आंब्यासाठी वापरतात तो मिथाईल युजेनॉलचा सापळा ह्या माशीस ओढीत नाही, आणि तो लावून ‘सापळे निरुपयोगी’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

डोलवीसारख्या ठिकाणी आणखी एका बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. भरावासाठी जी माती स्वस्तात मिळते ती कोठून आली हे विचारल्याशिवाय वाफ्यात घालू नये. कोणत्याही भट्टीची मळी, दगडी कोळशाची राख, बांधकामाचा राडारोडा ह्यांस माती म्हणत नाहीत. चुलीतील लाकडाची राख आणि कोळशाची राख ह्यांतला फरकही गृहिणींस समजावून द्यावा. महामार्गाच्या बाजूस पालेभाजी न लावता घराच्या आडोशास लावावी, रस्त्याकडे केळी किंवा शेवग्याची ओळ धरावी, आणि पाला दोन पाण्यांनी धुऊन घ्यावा. खत न घालता रसायन टाळले एवढ्याने भाजी निर्मळ ठरत नाही. ती कोठे वाढली हेही पाहावे लागते.

ह्या सर्वाचा विस्तार-कार्यकर्त्याच्या कामाशी संबंध असा की त्याच्या फेऱ्यांचा हंगाम बदलावयास हवा. महिला बचत गटाची पहिली बैठक फाल्गुनात घ्यावी आणि तिच्यात फक्त मातीचे नमुने गोळा करावेत. दुसरी ज्येष्ठात, पन्हळ आणि चर पाहण्यासाठी. तिसरी आषाढी एकादशीच्या आठवड्यात एखाद्या घरी प्रत्यक्ष ढीग रचून. वेलांचे बी त्याच सुमारास, ज्यांच्याकडे ढीग रचला गेला आहे त्यांना द्यावे, आणि माठ-पालकाचे कोजागिरीस. मधली नारळी पौर्णिमेची फेरी बहुतेकजण टाळतात, कारण तिच्यात वाटावयास काही नसते. पण तीच सर्वांत महत्त्वाची. सोबत एक लोखंडी सळई न्यावी, ती ढिगाच्या मध्यभागी खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. हाताला चटका बसला तर ढीग उत्तम चालला आहे. सळई थंड आणि कोरडी निघाली तर पाणी व शेणकाला कमी पडला. थंड, ओली आणि घाण वासाची निघाली तर ढिगात हवा नाही, तो त्याच दिवशी उलथून घ्यावा आणि मध्ये सुका पेंढा घालावा. घरच्या मुलांना हा सळईचा प्रयोग फार आवडतो. त्यांच्याकडूनच तारीख घालून वहीत नोंद करून घ्यावी.